सोडून आलेलीला पगार न्हाई

आमच्या गावात नोकरी कुणालाच नव्हती, पगार मात्र बऱ्याच जणांना होता. विधवांना होता, पासष्टी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना होता, पायानं अधू असलेल्या टेलरला होता आणि माझ्या सरूआत्यालाही होता. सरकारी कागदावर त्याला निराधारांचं अर्थसाहाय्य म्हणतात. गावात ते नाव घेतलं की समोरचा विचारायचा, म्हंजे पगारच ना? लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं पाम्प्लेटं लिहायला लागले तेव्हा तोच शब्द पायात मोडलेल्या काट्यासारखा टोचायला लागला. पगार म्हटलं की मालक आला. हक्काला मालक नसतो, पगाराला असतो. आमच्या गावचा मालक होता आप्पा. पंधरा वर्षं तो सरपंच होता, नाहीतर सरपंचाचा नवरा, नाहीतर सरपंचाचा चुलता. पगारवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याला गावात ‘हयात करणं’ म्हणतात. आप्पा सगळ्यांना आपल्या पिकअपमध्ये बसवून तालुक्याला न्यायचा, चहा-खारी द्यायचा आणि ऊन उतरायच्या आत पारावर आणून सोडायचा. उतरता उतरता म्हाताऱ्या म्हणायच्या, “यंदाबी आप्पानं हयात केलं बाई.” ह्यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. जिवंत माणसं आपण जिवंत असण्याबद्दल दुसऱ्याचे आभार मानत होती आणि कुणालाच राग येत नव्हता.

राग मला यायचा, आणि तो मी आत्याकडूनच घेतला होता. दिवाळी झाली की आई-बाबा मुकादमाच्या गाडीत बसून ऊसतोडीला जायचे ते ऊन तापल्यावर परतायचे. दुसरीपासून बारावीपर्यंतचे माझे सगळे हिवाळे आत्याच्या घरात गेले. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, एक शेळी आणि कडुनिंबाला बांधलेली दोरी, जिच्यावर धुणंही वाळायचं आणि वाळवायला टांगलेली अंबाडीही. आत्याच्या घरात बूड टेकून बसणं हा गुन्हा होता. ती चहासुद्धा उभ्यानं प्यायची. भाकरी थापताना तिचा हात परातीवर असा पडायचा की शेजारच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सरूबाई कुणाला तरी हाणायलीय. त्या आवाजानं मला जाग यायची. उठून बघावं तर चुलीवर येसराची आमटी रटरटतेय, तव्यावर भाकरी फुगतेय आणि आत्या एका हातानं माझी वेणी घालायला तयार. वेणी घालताना केस ओढायची. मी ओरडले की म्हणायची, “ओरड, अजून ओरड. गप ऱ्हाणाऱ्या बाईचे केस लय ओढत्यात लोक.”

ती स्वतः गप राहिली नव्हती. तिचं लग्न जिंतूरच्या बाजूला झालं होतं. नवरा मारायचा. पाच वर्षं तिनं सोसलं. मग एके दिवशी दुपारी रानात कापूस वेचता वेचता ती सरळ उभी राहिली, धुऱ्यावरून चालत निघाली, सडकेला लागली आणि देवगाव फाट्यावर येऊन आमच्या गावाकडच्या एसटीत बसली. कमरेची ओटी कापसानं तशीच भरलेली. कंडक्टरनं विचारलं, बाई, ह्या कापसाचं बी तिकीट काढायचं का? ही गोष्ट मी तिच्याकडून शंभरदा ऐकली असेल आणि दर वेळी कंडक्टरच्या वाक्याला ती तितकीच हसायची. नवरा तिला न्यायला कधी आला नाही. दोन वर्षांनी त्यानं दुसरी बायको केली. आत्याच्या कपाळाला कुंकू कायम राहिलं, आणि कुणी खवचटपणे त्याबद्दल विचारलं तर ती म्हणायची, “मेला थोडाच हाय? सोडलाय त्याला म्या.”

मी पाचवीत असताना आप्पा पगाराचा फॉर्म घेऊन आमच्या अंगणात आला. ते मला अजून दिसतं, कारण खाटेवर बसून तो फॉर्म भरत होता आणि कागद उडू नये म्हणून त्याचा दुसरा कोपरा माझ्या हातात दिला होता. भरता भरता तो थांबला.

“सरूबाई, इथं टाकलेली लिहितो.”

“कोण टाकलेली? मला कोण टाकतंय? म्याच सोडून आले.”

“आगं माय, कागदाला काय कळतंय कोण कुणाला सोडलं? सोडून आलेलीला पगार न्हाई. टाकलेलीला हाय.”

आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग पुढं झाली आणि अंगठा दिला. आप्पा गेल्यावर तिनं अंगठ्याची शाई चुलीतल्या राखेनं घासून घासून काढली. तिथून पुढं प्रत्येक निवडणुकीत तिचं मत आप्पाच्या पॅनलला. नियमात मार खाऊन निघालेल्या बाईसाठीही काही सोय होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं; पण तिला मार खाल्ल्याचा कागद लागतो, आणि मार खाताना कागद करून घ्यायचं आमच्याकडच्या बायांना कोण सांगणार?

बारावीनंतर मी सेलूला कॉलेजात गेले आणि तिथं मला पाम्प्लेटाचं वेड लागलं. होस्टेलचं पाणी, एसटीचा पास, परीक्षेची फी, कशावरही लिहायचं. जिनिंगच्या रस्त्याला एक छापखाना होता, तिथल्या मशीनच्या खडखडाटात उभं राहून ओल्या शाईचा कागद हातात घेतला की मला वाटायचं आता काहीतरी होणार. मला एका जागी बसवत नव्हतं. वर्गात बसले तर खिडकीकडं बघायची, खोलीत बसले तर येरझाऱ्या. लिहायचं कसं ते तिथल्या मोठ्या पोरींनी शिकवलं: पहिल्या ओळीत थोबाडीत मारायची, मधे एक जिवंत माणूस उभा करायचा, शेवटी प्रश्न विचारायचा. मी ते धड्यासारखं पाठ केलं. जिवंत माणूस उभा करताना त्याला आधी विचारायचं असतं, हे त्या धड्यात नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गावची ग्रामपंचायत लागली. सरपंच थेट मतानं निवडायचा, जागा बाईची. आप्पानं सून उभी केली. तिच्याविरुद्ध मीराकाकू उभ्या राहिल्या. त्या अंगणवाडीत खिचडी शिजवायच्या, ते काम सोडून त्यांनी फॉर्म भरला होता. मी कॉलेज टाकून गावी आले. शिट्टी हे आमचं चिन्ह होतं आणि मी दिवसभर गल्ल्यागल्ल्यांतून ती फुंकत हिंडत होते. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि शेवटी एकच म्हणायचे, “सगळं खरं हाय पोरी. पण पगार?” आप्पाची माणसं उघड धमकी देत नव्हती. ती फक्त म्हणायची, “नाव कटू नये म्हंजे झालं.” बस्स. एवढ्या वाक्यावर वॉर्डचे वॉर्ड बांधलेले होते. मी चिडून सेलूला गेले आणि एका दमात पाम्प्लेट लिहिलं. मथळा: ‘पगार सरकारचा, मालक कोण?’ मधला जिवंत माणूस माझ्या घरातच होता. मी लिहिलं: ‘माझी सरूआत्या नवऱ्याचं घर स्वतःच्या पायानं सोडून आलेली बाई आहे. तिला कुणी टाकलं नाही, तिनंच टाकलं. जी नवऱ्याला भ्याली नाही ती आप्पाला कशाला भिईल?’ खाली कायद्याप्रमाणे छापखान्याचं नाव आणि प्रकाशक म्हणून माझं.

आत्यानं ते पहिल्यांदा ऐकलं पिठाच्या गिरणीत. गिरणीवाल्याच्या बायकोनं रांगेतल्या बायांना वाचून दाखवलं. आत्या डोक्यावर पिठाचा डबा घेऊन, पापण्यांवर पीठ घेऊन घरी आली आणि दारातूनच म्हणाली, “माझं नाव छापलंस व्हय गं?” मला वाटलं आता शिव्या. पण ती खुश होती. मला ते तीनदा वाचायला लावलं. ‘तिनंच टाकलं’ या ओळीला मान वर करून म्हणाली, “हां. असं.” त्या दिवशी तिनं धपाटे केले, कारळाची चटणी कुटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासोबत खाली बसून जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आला. एकटाच. चष्मा लावून, हातात आमचं पाम्प्लेट घेऊन, त्याच खाटेवर बसला.

“वंदना, लय चांगलं लिहितीस. मला तर वाचता वाचता रडू आलं.”

“तुमाला रडू यायलाच लिहिलंय.”

“बरं केलंस. फक्त हे एक.” त्यानं बोट ठेवलं. “सोडून आलेली. आता सरकारी कागदात तर टाकलेली हाय. दोन्ही खरं कसं?”

मी म्हणाले, “करा मग तक्रार. भीती कुणाला दाखवता?”

“मी? मी कशाला करू? माझ्याच हातानं झालाय तो पगार. पण गावात माणसं लय. कुणी केली तर मी काय करू?” मग आत्याकडं वळून म्हणाला, “चहा नको सरूबाई, निघतो,” आणि खरंच निघून गेला. आत्यानं चहा विचारलाच नव्हता. ती परातीत हात तसाच ठेवून उभी होती.

पुढच्या महिन्यात पगार वाटायला मिनी बँकवाला पारावर आला. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन बसायचा. आत्याचा अंगठा कापूस वेचून वेचून गुळगुळीत झालेला, कधीच पहिल्या झटक्यात उठायचा नाही. ती अंगठा पदरानं पुसायची, पुन्हा ठेवायची. त्या दिवशी पहिल्या झटक्यात उठला. मिनी बँकवाला पडद्याकडं बघून म्हणाला, “मावशी, तुमचं आलं न्हाई.”

“अंगठा उठला की.”

“अंगठा उठला. पगार थांबवलाय. चौकशी म्हनं.”

फक्त तिचाच. बाकी सगळ्यांचं आलं होतं. आणि हे सगळ्यांच्या देखत झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी शिट्टी घेऊन निघाले तर गावच बदललं होतं. काल मान डोलवणारे आज दारातून आत वळायचे. पायानं अधू असलेल्या टेलरनं मला शिलाई मशीनमागून हाक मारली आणि माझं पाम्प्लेट चार घड्या घालून माझ्याच हातात परत दिलं. “माझं नाव कुठं लिहू नको माय. चांगलं सुद्धा लिहू नको.” एका म्हातारीनं तर मला बघून पदर तोंडावर घेतला, जणू मी माणसं टिपणारा कॅमेराच. आप्पानं सगळ्या गावाला धमकी दिली असती तर गाव पेटलं असतं. त्यानं एकीचं थांबवलं, आणि बाकीच्यांनी आपलं आपण समजून घेतलं.

मी एसटी पकडून तालुक्याच्या कचेरीत गेले. कारकुनाच्या टेबलावर हात आपटला. तो म्हणाला, “ताई, ओरडू नका. पुरावा जोडलाय.” त्यानं फाईल उघडली. आत पिवळ्या पडलेल्या फॉर्मवर आत्याचा अंगठा होता आणि त्याच्यासमोर टाचणीनं लावलेलं माझं पाम्प्लेट. ‘स्वतःच्या पायानं सोडून आलेली’ या शब्दांखाली लाल रेघ. “प्रकाशक तुम्हीच ना?” त्यानं विचारलं. “मग खोटं काय आहे, सांगा. हा फॉर्म खोटा, की तुमचं पाम्प्लेट?” पाम्प्लेट खोटं म्हणावं तर आत्या खोटी. फॉर्म खोटा म्हणावं तर पगार गेलाच. तो पुढं म्हणाला की आचारसंहिता आहे, निकालाआधी काही व्हायचं नाही, नंतर जबाब होईल. परतीच्या एसटीत मला बसायला जागा होती, पण मी फाट्यापर्यंत दांड्याला धरून उभीच होते.

घरी आले तर आप्पाचा निरोप येऊन थांबला होता. दुसरं पाम्प्लेट काढ. त्यात लिही की भावनेच्या भरात चूक झाली, आत्या टाकलेलीच आहे. मग बघतो. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. आणि मग वही घेऊन बसले. आजही सांगायला लाज वाटते, पण लिहिलं. पहिल्या ओळीत थोबाडीत मारायची सवय, त्यामुळे सुरुवात जमेना. चार पानं फाडली. शेवटी अर्जासारखं लिहिलं: ‘माझी आत्या सरूबाई हिला तिच्या नवऱ्याने टाकलेले असून…’

आत्या शेळीला पाला घालत होती. तिकडूनच म्हणाली, “काय लिहायलीस? वाच.”

मी वाचलं. तिनं शेळीच्या तोंडातली फांदी सोडली नाही.

“हे छापायचं?”

“छापलं तर पगार चालू होईल.”

“आन् वाटायचं? गिरणीत, पारावर?”

“हां.”

“छापू नको.”

“आत्या, अगं फॉर्मवर तेच लिहिलंय. तूच अंगठा दिलास ना त्याच्यावर?”

तेव्हा ती माझ्याजवळ आली. रागावली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. “ते कपाटात हाय. कपाटातल्या कागदावर मला टाकलेली म्हनू दे, काय बी म्हनू दे. मला तिथं कोन वळखतंय? इथं मला सगळे वळखत्यात. गावात म्या सोडून आलेलीच हाय. तिथलं इथं आनू नको, इथलं तिथं नेऊ नको. तेवढंच चुकलं तुझं.” मग शेळीकडं परत वळत, “लिहितीस चांगलं. पर विचारीत जा.”

शाळा-कॉलेजात मला कुणी असं काही शिकवलं नव्हतं. खरं ते सगळीकडं खरं, असं मी धरून चालले होते. गरिबाला दोन ठिकाणी दोन नावांनी जगावं लागतं आणि त्या दोन ठिकाणांच्या मधली भिंत तो स्वतःच्या हातानं लिंपत असतो. मी एका छापील ओळीनं ती फोडली होती, आणि आप्पा आत घुसला होता. यात आप्पाचा गुन्हा कमी होत नाही. ज्या मदतीसाठी बाईला खोटं नाव घ्यावं लागतं ती मदतही गुन्हेगारच आहे, हे मी आजही ओरडून सांगेन. पण दार मी उघडलं होतं.

मतदानाच्या दिवशी आत्या आप्पाच्या रिक्षात बसली नाही. आमच्याही नाही. ती चालत गेली, चालत आली. शाळेच्या फाटकात आप्पाच्या माणसानं विचारलं, “सरूबाई, ध्यानात ठिवलं न्हवं?” तिनं शाईचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. “मशीन बोंबललं की एवढं. ऐकलं न्हाई का?” मी तिला कुणाला मत दिलं ते विचारलं नाही. मीराकाकू निवडून आल्या, अगदी निसटत्या मतांनी. शिट्ट्या वाजल्या, गुलाल उधळला, आणि त्या गुलालातच कुणीतरी म्हणालं, आता सरूबाईचा पगार चालू होतो बघा.

तसंच झालं. जबाबाच्या आधी नव्या सरपंचाचं पत्र लागत होतं. मीराकाकूंनी ते दिलं. मी वाचलं. ‘सदर महिला पतीने टाकलेली असून निराधार आहे.’ मी म्हणाले, “काकू, निदान तुमी तरी…” त्या म्हणाल्या, “मग काय लिहू? तू सांग, दुसरं काय लिहिलं तर पगार मिळतोय, तेच लिहिते.” मी पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली. कचेरीत साहेबांनी आत्याला विचारलं, नवऱ्यानं टाकलं का? आत्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पदर नीट केला आणि कारकुनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “लिव्हा. टाकलेली.” बाहेर आल्यावर तिनं गाड्यावरचा उसाचा रस मागवला, एका दमात प्यायली, आणि म्हणाली, लय गोड हाय, तुझ्या बापानं तोडला असंल. पगार दोन महिन्यांनी सुरू झाला, थकलेल्या पैशासकट. मीराकाकू स्वतः घरी सांगायला आल्या. जाताना म्हणाल्या, “आत्या, निवांत ऱ्हावा आता. मी हाय न्हवं.”

या गोष्टीला काही वर्षं झाली. मी अजून पाम्प्लेटं लिहिते, त्यात माणसांची नावं घालत नाही. यंदा पंचायत समितीच्या निवडणुकीला मीराकाकू उभ्या होत्या आणि त्यांचा प्रचार माझ्याकडं होता. मी वॉर्डाची यादी घेऊन नावापुढं खुणा करत अंगणात फिरत होते: हे आपलं, हे त्यांचं, हे डळमळीत. आत्या आता थकलीय, पण अजून उभ्यानंच चहा पिते. तिनं विचारलं, “माझ्या नावापुढं काय केलंस?”

“काहीच न्हाई केलं.”

“आपलं म्हून कर. मीरालाच द्यावं लागंल.”

“द्यावं का लागंल? मनात असंल तर दे.”

“पगार तिनं चालू केला की.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पगार नाही, हक्क. चालू तिनं नाही केला, थांबवलेला सुटला. मालक कुणी नाही. दहा वर्षं मी हेच छापत होते, हेच वाटत होते, हेच ओरडत होते. मला ते तिला सांगता आलं असतं; तिनं ऐकलंही असतं, माझं ती ऐकते.

पण आमच्या वॉर्डात यंदा एकेका मताची मारामार होती. मी तिच्या नावापुढं खूण केली आणि पुढच्या नावावर गेले.